सात दिवसांची म्हणून घेतलेली बदकाची अंडी : ४०० पैकी २७१ रिकामी

कोंबड्या पाळण्याचा पाच वर्षांचा अनुभव असूनही मी बदकांच्या अंड्यांत १७,००० रुपयांना फसलो, हे सांगताना लाज वाटते. तरी लिहितो, कारण अंडी विकणारा तोच माणूस आता इकडे कर्नाटकात निपाणीहून चिकोडी, हुक्केरीकडे फिरतो आहे असे कळले.

कोल्हापूर जिल्ह्यातील या विक्रेत्याने खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची, सात दिवस उबवणी यंत्रात ठेवून एकेक तपासलेली फलित अंडी नगास ३८ रुपयांनी देऊ केली. ४०० नगांचे १५,२०० आणि गाडीभाडे १,८००. अंड्यांच्या पैशांतले ७,२०० मी फोनवरून पाठवले, ८,००० रोख दिले. बिल मागितले नाही.

त्याने अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर दहा-बारा अंडी धरून दाखवली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधोमध हलणारा काळा ठिपका स्वच्छ दिसत होता. एका अंड्याच्या निमुळत्या टोकाला मुगाएवढा तपकिरी डाग होता. चार अंडी झाल्यावर तोच डाग, म्हणजे तेच अंडे, पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आले. मी तो पाहिला आणि तरीही गप्प बसलो! खालचे ट्रे उघडू म्हटले तर "अंडी गार पडतील, मालक," असे तो म्हणाला. खुडूक मादीसुद्धा चारा-पाण्यासाठी रोज घरटे सोडते, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत काही बिघडत नाही, हे मला सुचायला हवे होते. पण बाहेर पाऊस होता, गाडीवाला घाई करत होता, आणि जिवंत अंडी समोर दिसत असताना कोणीही विश्वास ठेवला असता.

उबवणीच्या दहाव्या दिवशी, म्हणजे आणल्यावर तीन दिवसांनी, घरी सगळी तपासली. २७१ आरपार स्वच्छ, ४६ मध्ये रक्ताचे कडे, म्हणजे जीव धरून मेलेली, आणि जिवंत फक्त ८३. कडे दिसलेली अंडी लगेच बाहेर काढा. ती कुजून यंत्रातच फुटतात. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ६१ पिल्ले निघाली.

विक्रेता म्हणतो, गाडीच्या धक्क्याने मेली. धक्क्याने गर्भ मरेल, पण त्याच्या शिरांचा मागमूसही उरणार नाही असे तीन दिवसांत होत नाही. स्वच्छ अंड्यात जीव कधी धरलाच नव्हता.

हे मी आमच्याकडच्या एका पोलीस ठाण्यात सांगितले, तर "व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडे जा," म्हणाले, तिकडे गेलो, तर "तुम्ही कर्नाटकचे, शिवाय हे दिवाणी प्रकरण आहे." दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीबाहेरची असली तरी नोंदवून घ्यावी, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यातच आहे, हे दाखवूनही कोणी कागद हातात धरला नाही. पशुवैद्यकाने अंडी पाहून लेखी देण्यास नकार दिला. मेलेले पाखरू आणा, म्हणे. अर्जाचा नमुना फक्त कन्नडमध्ये होता, तो भरून घ्यायला १५० रुपये गेले. सीमेवरच्या माणसाने दाद मागायची तरी कोणाकडे?

प्रत्येक ट्रेमधली अंडी तुम्ही स्वतः निवडा, टॉर्च स्वतःची न्या, पाहिलेल्या अंड्यावर पेन्सिलने खूण करा. सगळी पाहू देत नसेल तर उठून या.

ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मी ती केली आहे. अंड्यांचे फोटो जोडले, पण पैशांचा पुरावा ७,२०० रुपयांचाच जोडता आला.