कप प्लांट: तीन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

शिकागोजवळच्या उपनगरात आमच्या घरामागील कुंपणालगत मी सव्वादोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, कप प्लांटची (सिल्फियम पर्फोलिएटम) दोन रोपे लावली. आमच्या इलिनॉय राज्यातील मूळ प्रेअरीपैकी जेमतेम 0.01 टक्के भागच आज चांगल्या स्थितीत उरला आहे. त्या गवताळ प्रदेशाची एखादी तरी वनस्पती आपल्या अंगणात असावी, एवढीच तेव्हा इच्छा होती.

पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुपका वाढला, फूल एकही आले नाही. दुसऱ्या जुलैत मात्र चौकोनी दांडे सात फुटांपर्यंत चढले आणि पिवळ्या फुलांवर सकाळपासून भुंग्यांची व मधमाश्यांची गर्दी होऊ लागली.

या झाडाचे खरे वैभव त्याच्या पानांत आहे. समोरासमोरची दोन पाने तळाशी जुळून दांड्याभोवती पेला तयार होतो व त्यात पावसाचे पाणी साठते. गोल्डफिंच हा पिवळाधमक छोटा पक्षी त्या पेल्याच्या काठावर बसून पाणी पिताना मी प्रथम पाहिला, तो क्षण मला अजून लख्ख आठवतो. साठलेल्या पाण्यात डास होतील, ही आपल्याकडची स्वाभाविक भीती मलाही होती. पण आमच्याकडे कोरड्या हवेत ते दोन-तीन दिवसांत आटते आणि त्यात अळ्या मला कधी दिसल्या नाहीत. फूल सूर्यफुलासारखे दिसत असले, तरी बी मधल्या चकतीत न धरता कडेच्या पाकळ्यांच्या तळाशी धरते, आणि सप्टेंबरात गोल्डफिंच ते नेमके टिपतात.

ऑगस्टमध्ये शेंड्यांवर लाल मावा पडतो. मी फवारणी केली नाही; थोड्याच दिवसांत मावा खाणारे चित्रांग भुंगेरे (लेडीबग) आले.

मोठी अडचण बियांची आहे. यंदा वसंतात आजूबाजूला चाळीसेक रोपे उगवली. ती कोवळी असतानाच उपटावी लागतात, कारण सोटमूळ खोल गेल्यावर ती निघत नाहीत. याच पसरण्यामुळे कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क या राज्यांत हिच्या विक्रीवर बंदी आहे, तेव्हा तेथील वाचकांनी ही लावू नये. मी आता निम्मी बोंडे पक्ष्यांसाठी ठेवून उरलेली पिकण्याआधीच कापते. अंगण लहान असेल, तर जांभळी एकिनेशिया लावावी. तिचे बीही गोल्डफिंच आवडीने खातात.