डाय-कटिंगचे यंत्र आलेच नाही, ८,५१४ रुपये मात्र गेले

राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावात माझ्याकडे गणपतीसाठी कागदी मखर मागणारी घरे वाढत गेली. कात्रीने एकेक पाकळी कापून बोटे सुजू लागली, म्हणून यंदा मी डाय-कटिंगचे, म्हणजे धारदार पात्याच्या साच्याने (डायने) कागद हव्या त्या आकारात कापणारे यंत्र घ्यायचे ठरवले. पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे संगणकाला जोडायचे नको, हाताने फिरवायचेच हवे, इतका विचार मी केला होता.

पुढचे सारे ऑनलाइन फसवणुकीच्या नेहमीच्याच पद्धतीने घडले. जाहिरात अशी होती की, परदेशी निघालेल्या एका ताईंना आपले वापरलेले यंत्र, बारा डाय आणि कागदावर उठावाची नक्षी उमटवणारे दोन एम्बॉसिंग फोल्डर ९,८०० रुपयांना द्यायचे आहेत. बोलणे त्यांच्या 'भावा'शी होत असे. ४,९०० रुपये आगाऊ गेले, दुसऱ्या दिवशी 'परत मिळणाऱ्या' विम्याचे १,८५०, आणि त्याच संध्याकाळी अठरा टक्के जीएसटी म्हणून १,७६४. घरातली वापरलेली वस्तू विकणारा माणूस जीएसटी कसला मागतो, हेही मला सुचले नाही. आणखी ३,२०० मागितल्यावर मी नकार दिला आणि तो नंबर बंद झाला.

मला आजही जाळते ते एक वाक्य. या यंत्राच्या दोन रोलरांमधून एक थर जातो: खाली प्लॅटफॉर्म, त्यावर कटिंग प्लेट, मग कागद, पात्याची बाजू कागदाकडे करून ठेवलेली डाय आणि वर दुसरी प्लेट. थराची जाडी कमी पडली तर कागदावर नुसता ठसा उमटतो, जास्त झाली तर हँडल अडकते. वापरून वापरून प्लेटना चरे पडतात आणि त्या वाकतात, हे वाचले असल्यामुळे मी मुद्दाम विचारले, "प्लेट वाकल्या आहेत का?" उत्तर आले, "ताई, प्लेट लागतच नाहीत, डायरेक्ट कागद घालायचा." ज्याने ते हँडल एकदाही फिरवलेले नाही तोच असे बोलेल. पण बहिणीच्या यंत्रातले भावाला काय कळणार, अशी त्याची बाजू मीच घेतली आणि पैसे पाठवले! मला कोणी लोभी म्हणू नये. यंत्र हाताळून पाहता येईल असे एकही दुकान आमच्या जवळपास नाही.

विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोर कार्डस्टॉक (जाड कागद) कापून दाखवायला सांगा. फोटो कोणाचेही असू शकतात.

बँकेत गेले तर "तुम्हीच पिन टाकलात ना?" एवढे बोलून त्यांनी पुढच्या ग्राहकाला बोलावले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी अर्ज ऑनलाइन करा म्हणाले, आणि केलेल्या अर्जाची प्रत घेऊन तिसऱ्यांदा गेले तेव्हा एवढ्याशा रकमेसाठी कशाला हेलपाटे घालता, असे ऐकवले. ८,५१४ रुपये म्हणजे माझ्या दोन मखरांची मजुरी आहे, आणि प्रत्येक खेपेला एसटीने जाऊन-येऊन माझा अर्धा दिवस मोडला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर मी लाजेपायी दुसऱ्या दिवशी फोन केला, तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते. तुम्ही त्याच मिनिटाला करा, घरच्यांना नंतर सांगा.

परवा त्याच यंत्राचा तोच फोटो, कोपऱ्यातल्या निळ्या टेबलक्लॉथसकट, दुसऱ्या नावाने पुन्हा दिसला. किंमत आता ८,९०० रुपये लावली आहे.