आमसुलं आत, सोलकढी बाहेर

रत्नागिरीतल्या एखाद्या घरात रातांबे फोडून वर्षाची आमसुलं वाळवली. विकली नाहीत, तरी नियमानुसार ती जीडीपीत, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या हिशेबात, धरायची. घरासाठी केलेली वस्तूसुद्धा उत्पादनच. त्याच आमसुलांची सोलकढी घरच्यांना करून वाढली, की ती बिनपगारी सेवा, म्हणून बाहेर. होमस्टेच्या पाहुण्याला पैसे घेऊन वाढली तर पुन्हा आत! पहिला नियम पटतो, दुसरा मुळीच नाही. २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. एवढे कष्ट हिशेबाबाहेर ठेवणं अन्यायाचं आहे.

मुंबईच्या चाकरमान्याने घरी धाडलेले पैसेही मोजत नाहीत, ते ठीकच; पैसे नुसते हात बदलतात, नवं काही तयार होत नाही. त्यातून गवंड्याकडून पडवी बांधून घेतली, की ते बांधकाम मोजलं जातं.