उंचावरचा फ्लॅट की बैठं घर?
स्वप्नातलंच घर निवडायचंय तर मी बैठं घरच घेईन बाबा. उंचावर वारा, उजेड, लांबवरचा व्ह्यू सगळं मिळतं, डासही कमी, पण अगदी टॉप फ्लोअर असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि लिफ्ट बंद पडली की मग विचारूच नका. बैठ्या घरात दार उघडलं की थेट माती, उद्या वाटलं तर एक खोली वाढवा (परवानगी काढून हां!). ओल, वाळवी, गळकं छप्पर मात्र सगळं आपल्याच डोक्यावर, प्लंबरही आपणच शोधायचा. तरी खिडकीसमोर एखादं पानगळीचं झाड लावलं ना, की उन्हाळ्यात सावली आणि थंडीत पानं गळून ऊन थेट आत, हे विसाव्या मजल्यावर कुठून आणणार?