विद्यापीठाचा गट की हेगमधली यंत्रणा? युद्धगुन्ह्यांच्या तपासात इंटर्न व्हायचं तर

हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. लॉ झालेले असतात, भूगोलवाले असतात, आयटीतली नोकरी सोडून आलेले एखाददोघेही असतात. माहिती-विश्लेषक म्हणजे काय, हे त्यांना साधारण माहीत असतं: फोटो, व्हिडिओ, उपग्रहचित्रं, जबाब आणि फोनच्या नोंदी यांतून कोण, कुठे, कधी हे जुळवायचं. प्रश्न असतो तो शिकायचं कुठे, याचा.

रस्ते साधारण दोन. एक अधिकृत यंत्रणेच्या आतला. म्हणजे हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं, आयसीसीचं, अभियोक्ता कार्यालय, नाहीतर जिनेव्हात बसणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या दोन यंत्रणा: सीरियासाठी 2016 मध्ये स्थापन झालेली आणि म्यानमारसाठी 2018 मध्ये. या दोघींना स्वतःचं न्यायालय नाही. पुरावा गोळा करून जपायचा, फायली बांधायच्या आणि जिथे खटला उभा राहू शकेल तिथे द्यायच्या, हे त्यांचं काम. दुसरा रस्ता विद्यापीठातल्या किंवा स्वयंसेवी संस्थेच्या ओपन सोर्स गटाचा. तिथे इंटरनेटवर उघड पडलेलं साहित्य तपासायचं, बहुतेकदा आपापल्या लॅपटॉपवर.

मी आधी दुसरा धरला, मग पहिला. दोन्ही ठिकाणांची नावं देत नाही. एका ठिकाणी तशी सही केलेली आहे आणि दुसऱ्याबद्दल थोडी कुरकुर करणार आहे, तेव्हा नाव न घेतलेलंच बरं.

पैशांचं आधी उरकतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाखालच्या इंटर्नशिप बिनपगारी असतात. 2015 मध्ये जिनेव्हात एक इंटर्न परवडत नाही म्हणून तंबूत राहतो, ही बातमी जगभर गाजली होती. ते लक्ष वेधण्यासाठी मुद्दाम केलं होतं, हे नंतर त्यानेच सांगितलं, पण तिथली घरभाडी पाहिलेल्या कोणालाही ती बातमी खोटी वाटली नव्हती. आयसीसीत काही जागांना निधी मिळतो, पण तो मुख्यतः विकसनशील सदस्य-राष्ट्रांतल्या उमेदवारांसाठी, आणि भारत सदस्य नाही. हे न्यायालय उभं करणाऱ्या करारावर 1998 मध्ये रोममध्ये मतदान झालं तेव्हा आपण तटस्थ राहिलो होतो. म्हणून भारतीयांना दार बंद आहे असं नाही, पण झुकतं माप सदस्य देशांना असतं, हे धरून चाला. ताजी जाहिरात वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. माझं निभलं ते अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आम्स्टलवेनला राहणाऱ्या आत्तेभावामुळे. त्या गावात आपली माणसं इतकी आहेत की पोह्यांना काही कमी पडत नाही. रोजचा प्रवास मात्र अंगावर येतो. गटात यातलं काहीच नाही. शिकत असाल तिथूनच करता येतं. खर्चाच्या बाबतीत गट सरळसरळ जिंकतो.

शिकण्याच्या वेगातही तो पुढे असेल, निदान सुरुवातीला. पहिल्या आठवड्यातच हातात क्लिप देतात. सावलीच्या दिशेवरून वेळ काढायची, डोंगराची कड उपग्रहचित्राशी जुळवायची, सेंटिनेल या युरोपीय उपग्रहांच्या, 10 मीटरपर्यंतचा बारकावा दाखवणाऱ्या फुकट चित्रांत एखादं जळालेलं गाव कोणत्या दोन तारखांच्या मध्ये काळं पडलं ते शोधायचं. यंत्रणेत पहिले काही आठवडे तुम्ही प्रशिक्षणं, पासवर्ड आणि परवानग्यांतच असता. शिवाय अशा गटांनी काय करून दाखवलंय, ते सगळ्यांना माहीत आहे. लिबियातल्या महमूद अल-वेरफल्ली या लष्करी कमांडरवर आयसीसीने ऑगस्ट 2017 मध्ये वॉरंट काढलं, ते मुख्यतः सोशल मीडियावर फिरलेल्या व्हिडिओंच्या जोरावर, आणि नंतर त्या जागा शोधण्याचं काम बाहेरच्या लोकांनीही उघड्यावर केलं. त्याच वर्षी यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने सीरियातले हजारो व्हिडिओ उडवले. त्यातलं जे वाचलं त्यात आधीच प्रती करून ठेवणाऱ्या छोट्या संस्थांचा मोठा वाटा आहे. तेव्हा गटाला हौशी म्हणून नाक मुरडणारा मी नाही.

तरीही माझं पारडं फिरलं, आणि ते एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या वैतागामुळे.

एक क्लिप होती. कुठल्या देशातली ते सोडा. गच्चीवरून काढलेली, रस्त्यावर जळणारा ट्रक, समोरच्या छपरावर निळी पाण्याची टाकी, विजेचे खांब, आणि काढणाऱ्याचा धापा टाकत बोलण्याचा आवाज. मी ती टाकी आणि खांबांच्या ओळीवरून जागेवर बसवली, टिपण लिहिलं, गटाच्या सामायिक शीटमध्ये ती ओळ हिरवी केली, म्हणजे तपासून झाली. थोड्या दिवसांनी तीच क्लिप परत आली. या वेळी मूळ आवाज काढून त्यावर शोकगीत चढवलेलं होतं. गटातल्या एका मुलीने पहिल्यापासून सगळं काम करून ती वेगळी नोंद म्हणून हिरवी केली होती. मग आरशात दिसावी तशी डावी-उजवी उलटलेली आली. प्लॅटफॉर्मने पकडू नये म्हणून लोक असं करतात. मग उभी कापलेली आली, आणि तिच्यात नेमक्या निळ्या टाकीवर कुठल्याशा वाहिनीचा लोगो. दर वेळी कोणीतरी नवं, कोरी पाटी घेऊन. शीटमध्ये लिंकचा रकाना होता, पण लिंक दर वेळी निराळी. हॅशचा रकानाही होता, पण हॅश फाईलचा ठसा घेतो, दृश्याचा नाही. व्हिडिओ पुन्हा अपलोड झाला, एवढ्यानेही तो पूर्ण बदलतो. सारखी दिसणारी चित्रं हुडकणारी साधनं असतात, ती उलटवलेल्या आणि कापलेल्या प्रतीपुढे चाचपडतात.

वेळ गेला याचा राग एका मर्यादेपर्यंतच. खरी अडचण पुढे दिसली. आमच्या मसुद्यात त्या हल्ल्याच्या परिच्छेदाखाली वेगवेगळ्या व्हिडिओंनी दुजोरा दिल्याचं लिहिलं गेलं. वेगवेगळे कुठले? एका गच्चीवर उभ्या असलेल्या एका माणसाने जे पाहिलं तेच कपडे बदलून आलं होतं. बचावाच्या वकिलाला हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं आणि त्याने बाकीच्या अहवालावरही बोट ठेवलं असतं. मसुदा बाहेर जायच्या आत ते वाक्य काढलं गेलं. पण ते कोणाच्या नजरेस पडलं म्हणून निघालं, पद्धतीमुळे नाही, आणि मला खुपलं ते नेमकं हेच. सगळे अर्धवेळ, परीक्षा आल्या की निम्मे गायब, आणि मूळ प्रत कोणती हे ठरवणं हे कोणाचंच काम नाही. ओपन सोर्स तपासासाठी 2020 मध्ये आलेल्या बर्कली प्रोटोकॉलमध्ये जतन आणि नोंदीबद्दल सगळं सविस्तर आहे. आमच्या शेल्फवर तो होता, शीटमध्ये नव्हता.

यंत्रणेत गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक मिळतो. कागदाच्या पानालासुद्धा. कोणी दिली, कधी, कोणाच्या हातून, हे त्या क्रमांकाला चिकटलेलं असतं. ती क्लिप पुन्हा शोकगीत लेवून आली तर तिची नोंद होते, पण मूळ क्रमांकाशी दावं बांधून. मग आपण त्या जागेची तपासणी नव्याने करत बसत नाही. फार तर विचारतो, की ही प्रत कोणी आणि का बदलली, आणि तो कधीकधी जास्त कामाचा प्रश्न निघतो. हे काम कंटाळवाणं आहे. चार दिवस नुसते क्रमांक जुळवण्यात जातात. पण संध्याकाळी उठताना आज जे केलं ते उद्या कोणी परत करणार नाही, एवढी खात्री असते. गटात ती मला मिळाली नाही. कदाचित तुमच्या गटात मिळेल.

दुसरा फरक प्रश्नाचा. गटात बातमी येईल तसा विषय बदलतो. यंत्रणेत विश्लेषकाला प्रश्न आखून मिळतो: हा हल्ला नागरिकांवरच रोखलेला होता का, आदेश कोणाकडून खाली आला, त्या दिवशी ती तुकडी खरंच तिथे होती का. आणि जुळत नसलेलं शोधायलाही सांगितलं जातं. रोम कराराच्या कलम 54 प्रमाणे अभियोक्त्याने आरोपीविरुद्धचा आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा सारख्याच कसोशीने तपासायचा असतो. वाचताना हे शोभेचं वाक्य वाटतं. प्रत्यक्षात, आपल्याच सुंदर नकाशाला भोक पाडणारा फोटो टेबलावर ठेवताना पोटात कालवतं, आणि ते सवयीने शिकावं लागतं.

आता यंत्रणेविरुद्ध जे आहे तेही नीट ऐका, कारण ते लहान नाही. फोन बाहेर लॉकरमध्ये. घरी काही न्यायचं नाही, घरी काही सांगायचं नाही. आई फोनवर विचारायची, "अरे, पण दिवसभर करतोस काय?" आणि मी म्हणायचो, "कागद लावतो." ते खोटंही नव्हतं. नंतर नोकरीच्या मुलाखतीत कामाचा नमुना मागतात, तेव्हा हात रिकामे. गटात असताना छापून आलेल्या अहवालावर बोट ठेवता येतं, कधी नावही असतं. तुम्हाला पत्रकारितेत किंवा मानवाधिकार संस्थांमध्ये जायचं असेल, तर हा एकच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे. गट निवडा, माझं ऐकू नका. अमेरिकेत पुढे शिकायचा विचार असेल तर आणखी एक: 2025 मध्ये अमेरिकेने आयसीसीच्या अभियोक्त्यांवर आणि इतर काहींवर निर्बंध घातले आहेत. इंटर्नपर्यंत ते थेट पोहोचतात असं मी म्हणत नाही, पण अर्ज करण्याआधी जाणत्या माणसाला विचारून घ्या.

जे पाहावं लागतं त्याचा त्रास दोन्हीकडे आहे. युक्त्याही दोन्हीकडे त्याच: आधी आवाज बंद, खिडकी लहान, गरज नसेल तर रंग काढून. फरक इतकाच की गटाचं काम माझ्या खोलीत, माझ्या पलंगापासून हातभर अंतरावर चालायचं आणि यंत्रणेचं काम इमारतीतच राहायचं. समुद्राकडून येणारा वारा तोंडावर घेत सायकल हाणत स्टेशन गाठेपर्यंत डोकं बऱ्यापैकी रिकामं व्हायचं. मला ते मानवलं. एकटं राहून काम करायला आवडणाऱ्यांना कदाचित उलट वाटेल.

अर्जाबद्दल थोडंसं. आणखी एखादं ऑनलाइन प्रमाणपत्र जोडण्यापेक्षा भाषा जोडा. आयसीसीचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं, तेव्हा इंग्रजीबरोबर फ्रेंच आली तर फायदा होतो, आणि अरबी वाचता येणारा माणूस कुठेही खपतो. आपल्याकडच्या मुलांना हे सुचत नाही, पण रोहिंग्यांच्या हद्दपारीच्या प्रकरणात, ज्याच्या तपासाला आयसीसीने नोव्हेंबर 2019 मध्ये परवानगी दिली, बंगाली येणं ही बारीकसारीक गोष्ट नाही. ती शिकायला मराठी माणसाला फार जड जाऊ नये.

जमत असेल तर मी केलं त्या क्रमाने करा: शिकत असताना गट, पदवी हातात येता येता यंत्रणा. गटातला हात बसलेला असला की यंत्रणेतले सुरुवातीचे कोरडे आठवडे खुपत नाहीत. एकच निवडायचं असेल आणि राहायची सोय असेल, तर मी यंत्रणेकडे ढकलेन, हळूच. राहायची सोय नसेल तर कर्ज काढून हेग गाठण्यात शहाणपण नाही. मग चांगला गट शोधा, आणि मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचं आहे का?" असं ते म्हणतील तेव्हा एवढंच विचारा: तुमच्याकडे मूळ प्रत कोणती, हे कोण ठरवतं? समोरून एखाद्या माणसाचं नाव आलं तर जा. "आमची एक शीट आहे" असं आलं तर आणखी दोन ठिकाणी अर्ज टाका.