सी-डीएसपी की साधा डीएसपी?

ब्रिटनमध्ये छोट्या डीएबीवर (म्हणजे लहान भागापुरत्या डिजिटल रेडिओवर) स्टेशन सुरू करायचं, तर ऑफकॉमचा, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाचा, कुठला परवाना घ्यायचा, सामुदायिक डिजिटल स्टेशनचा सी-डीएसपी की साध्या डिजिटल स्टेशनचा डीएसपी, यावर बरेच जण अडतात.

खरा फरक बांधिलकीचा आहे. सी-डीएसपी फक्त ना-नफा संस्थेला मिळतो. तुमच्या भागाचं सामाजिक भलं कसं करणार, लोकांना कार्यक्रमांत आणि कारभारात कसं सामावून घेणार, हे लिहून द्यावं लागतं, आणि मग पाळावंही लागतं. (अर्ज भरताना सगळेच उत्साही असतात!) साध्या डीएसपीला ही अट नाही, नफा कमवा, दिवसभर नुसती गाणी लावा. प्रसारण संहिता मात्र दोघांनाही सारखीच.

जागेच्या बाबतीत सी-डीएसपी वरचढ. ब्रिटिश सरकारच्या 2019 च्या आदेशानुसार छोट्या मल्टिप्लेक्सवर (अनेक स्टेशनं एकत्र प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर) काही जागा त्यांच्यासाठीच राखीव असतात. पण सी-डीएसपीचं स्टेशन छोट्या मल्टिप्लेक्सपुरतंच. डीएसपीवाला मोठ्या स्थानिक मल्टिप्लेक्सवरही जाऊ शकतो.

खर्च? मल्टिप्लेक्सवाल्याचं भाडं दोघांनाही चुकत नाही.

स्वयंसेवकांच्या जोरावर एका गावासाठी बोलायचं असेल, तर सी-डीएसपी. धंदा करायचा किंवा पुढे पसरायचं असेल, तर सरळ डीएसपी घ्या.