कथास्पर्धेच्या एका मेलमुळे माझे २६,३०० रुपये गेले

"इतकी शिकलेली बाई, हिला कळलं कसं नाही," असं म्हणणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं. मी कुठल्या अनोळखी लिंकवर क्लिक केलं नव्हतं, कोणाला ओटीपी सांगितला नव्हता, घरबसल्या कमाईच्या जाहिरातीलाही भुलले नव्हते. माझ्याच कथेचं नाव घेऊन, माझ्याच मेलवर मला गाठलं. आणि तो मेल आयडी चोराला मी दिला नव्हता.

ज्या साइटवर मी कथा प्रकाशित करते, तेवढ्यापुरता मी वेगळा आयडी काढला होता. बँक, खरेदी, नातेवाईक, कुठेही तो दिलेला नाही. प्रोफाइलमध्ये ईमेल लपवण्याचा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू आहे. तरीही तिथल्या कथास्पर्धेचा निकाल लांबल्याचं कळवताना साइटने सगळ्या स्पर्धकांचे पत्ते सीसीमध्ये टाकले. पत्ते एकमेकांना न दाखवणारा बीसीसी हा रकाना त्याच्या शेजारीच असतो! नाव, आडनाव, मेल आयडी, सगळं एकमेकांना उघडं. यादीतली सगळी माणसं लिहिणारी, सगळ्यांनी कथा पाठवलेली, सगळी निकालाची वाट बघणारी. फसवणाऱ्याला आणखी काय लागतं? कथा साइटवर कोणालाही वाचता येतात, नावावरून शीर्षक शोधायला दोन मिनिटं पुरतात. थोड्या वेळाने "आधीच्या मेलकडे दुर्लक्ष करावे" असा दुसरा मेल आला. लोकांच्या इनबॉक्समध्ये पोचलेले पत्ते त्याने पुसले जातात का?

मग 'ऑडिओ हक्क विभागा'चा मेल आला. माझी कथा ऑडिओसाठी निवडली आहे, मानधन ८६,००० रुपये. शीर्षक बरोबर, आणि कथेतल्या म्हाताऱ्या पोस्टमनचं पात्र आवडल्याचंही लिहिलेलं. म्हणजे कथा वाचली होती त्यांनी! पण आधी पैसे भरायला सांगितले. करार नोंदणीचे २,५०० आणि त्यावर जीएसटी, एकूण २,९५०. १८ टक्क्यांचा हिशेब चोख, पावतीही आली. मग टीडीएसचे ८,६००. मग रक्कम 'रिलीज' करण्याचे १४,७५०. त्यावर आणखी २१,००० मागितले तेव्हा मी थांबले.

टीडीएसपाशीच मला कळायला हवं होतं. पैसे देणारा कर आधी कापतो आणि उरलेली रक्कम देतो, याचंच नाव टीडीएस. ८६,००० मधून १० टक्के कापून ७७,४०० माझ्या खात्यात यायला हवे होते. घेणाऱ्याने आधी खिशातून ८,६०० भरायचे, हे कुठल्या कायद्यात बसतं? ठेवीच्या व्याजावर कापलेला टीडीएस मी दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवते. मला टीडीएस नवा नाही. तरी मी यूपीआय पिन टाकला. तो आकडा आठवला की अजून अंगाची लाही लाही होते. त्यांचं म्हणणं होतं की माझा पॅन पडताळलेला नाही म्हणून कर आगाऊ जमा करावा लागेल, मानधनासोबत परत मिळेल. साइटला मी पॅन खरंच कधी दिला नव्हता, म्हणून ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

दुसरं म्हणजे, मोबाइलवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, आणि तिथे साइटचंच नाव होतं. त्या नावाखाली बारीक बाण असतो. तो दाबला की खरा पत्ता दिसतो. साइटच्या नावापुढे आडवी रेघ आणि 'राइट्स' असा शब्द जोडून त्यांनी वेगळंच डोमेन घेतलं होतं. मी ते नंतर कॉम्प्युटरवर पाहिलं. तुम्ही तो बाण आधी दाबा, मजकूर नंतर वाचा. मानधन मिळण्यासाठी लेखकाने पैसे भरायचे असतील तर तिथेच बोलणं बंद करा, मग कथेचं कितीही कौतुक केलेलं असो.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पैसे काढून घेतले जाण्याआधी कळवलं तरच ते गोठवता येतात, त्यामुळे शंका आली त्या मिनिटाला फोन करा, घरच्यांना काय सांगू याचा विचार करत बसू नका. मी त्यातच वेळ घालवला. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना मॅडम?" हो, मीच पाठवले. फसलेला माणूसच पैसे पाठवतो, म्हणून तर त्याला फसवणूक म्हणतात! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड तोतयेगिरी करून फसवणाऱ्यासाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. हे मी सांगितलं तर उत्तर मिळालं, रक्कम लहान आहे. माझ्यासाठी ती लहान नाही. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्ही टाकलात, आमची जबाबदारी नाही.

आणि ज्यांच्यापासून हे सुरू झालं ती साइट? माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढायची. मला आलं ते छापील उत्तर, "आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे." सीसीच्या मेलबद्दल एक अक्षर नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना पुढे अठरा महिन्यांची मुदत. डेटा फुटला तर ज्याचा फुटला त्याला कळवायचं, नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड, असं सगळं त्यात लिहिलं आहे. तोवर आम्ही काय करायचं? २०२० मध्ये वॉटपॅडसारख्या मोठ्या कथा-साइटवरून जवळपास २७ कोटी नोंदी बाहेर गेल्या, तरी मेल आयडी म्हणजे किरकोळ गोष्ट असंच सगळे समजतात.

प्रत्येक साइटला वेगळा आयडी द्या. माझा वेगळा होता म्हणूनच तो कुठून फुटला हे मी ठामपणे सांगू शकते. जीमेल असेल तर नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एक शब्द जोडूनही पत्ता चालतो, नवीन खातं उघडावं लागत नाही. पासवर्डही प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा.

त्या सीसीच्या यादीत ज्यांचे पत्ते होते त्यांनी तो मेल कृपा करून डिलीट करू नये, आणि त्यावर 'रिप्लाय ऑल' तर अजिबात करू नये. मेलच्या मेनूतलं 'शो ओरिजिनल' उघडून पूर्ण हेडरसकट, म्हणजे मेल कुठून कसा आला या नोंदीसकट, तो सेव्ह करा. असाच 'हक्क विभागा'चा मेल आला असेल तर दोन्ही एकत्र जोडून साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पाठवा आणि सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही टाका, पैसे गेले नसले तरी. माझी एकटीची तक्रार पोलिसांनी लहान म्हणून बाजूला ठेवली आहे.